धागा नसलेलं पोतं

नजीहाच्या दुकानावरच्या पाटीवर अजून 'इंटरनेट' असं लिहिलेलं आहे, पण इंटरनेटसाठी तिथे कोणी येत नाही. जर्जिस ह्या समुद्रकाठच्या गावात ते ज्याच्या त्याच्या खिशात आलं, तेव्हा तिनं संगणक विकून टाकले, एकच ठेवला, फोटोकॉपीचं यंत्र दाराशी ओढून घेतलं आणि मागच्या खोलीत चहाची शेगडी मांडली. लोक शाळेचे दाखले, जमिनीचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. ती कागद काचेवर ठेवते आणि नजर दुसरीकडे फिरवते. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं नाही हा तिचा नेम जुना आहे, आणि त्याला कारण आहे.

जुन्या राजवटीत तिला सगळे पडदे दाराकडे तोंड करून ठेवायला सांगितलेलं होतं. एक साध्या वेशातला सरकारी गृहस्थ अधूनमधून यायचा, तिच्याच हातची कॉफी घ्यायचा आणि कप हातात धरून एकेकाच्या खांद्यावरून वाचत फिरायचा. कोणी फ्रान्समधल्या भावाला लिहीत असे, कोणी मनातल्या मुलीला. लिहिणाऱ्यांच्या माना हळूहळू खांद्यांत जायच्या. नजीहा गल्ल्यामागे उभी राहून ते पाहायची. पुढे राजवट गेली, तो गृहस्थही गेला. त्यानं फरश्यांचं दुकान काढलं आहे आणि रस्त्यात भेटला की अजून अदबीनं सलाम करतो. पण खांद्यांत शिरलेल्या त्या माना नजीहाच्या डोळ्यांपुढून हलल्या नाहीत.

लग्न तिनं केलं नाही. वडील स्पंज काढणारे पाणबुडे होते. त्यांचे कान गेले तेव्हापासून घर तिनंच चालवलं. वडिलांचं मोठं घड्याळ ती मनगटावर बांधते, चहा बिनपुदिन्याचा पिते, आणि कोणी फार गोड बोललं की गप्प होते.

इथे एखाद्या मुलाबद्दल 'गेला' एवढंच म्हटलं, तरी कुठे आणि कसा ते विचारावं लागत नाही. समुद्र समोरच आहे, आणि रात्री चोरून माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्या आहेत. काही मुलांचा पलीकडून फोन येतो. काहींचा येत नाही, आणि मग त्यांच्या आया एकमेकींना शोधत एकत्र जमतात. नजीहाच्या मागच्या खोलीत त्या अशाच जमू लागल्या. आधी फोटो मोठे करून घ्यायला, मग नुसत्याच.

सुरुवातीला त्यांनी मुलांचे फोटो आणि अंगावरच्या खुणा फेसबुकवर घातल्या. लगेच फोन सुरू झाले. शादलिया नावाची एक जाडजूड, तिखट जिभेची बाई होती, तिच्या रमझीच्या हनुवटीवर तीळ होता. तो तीळ सांगून तिला तीन वेगवेगळ्या देशांतून 'तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, पैसे पाठवा' असं कळवण्यात आलं.

"एवढ्या ठिकाणी एकदम राहायला माझा रमझी काय खासदार आहे?" शादलिया म्हणाली. बायका हसल्या. मग हसू संपलं.

तेव्हा नजीहा म्हणाली, "हे सगळं आपण इथेच ठेवू. ह्या खोलीत. बाहेरच्या इंटरनेटला जोडायचंच नाही."

एक जुना छोटा संगणक तिनं साखरेच्या डब्यामागच्या फळीवर बसवला. त्याला सगळ्या जणी पेटी म्हणू लागल्या. खोलीतल्या वायफायवरून, म्हणजे 'यास्मिन' ह्या नावावरून, आपापल्या फोनवर ती पेटी उघडायची, आपला पासवर्ड द्यायचा आणि फक्त आपल्या मुलाचं पान दिसायचं. कोळ्यांना जाळ्यात किंवा किनाऱ्यावर काही सापडलं तर ते नजीहाला फोटो पाठवत, आणि जुळवाजुळव ती करायची. वाचायचं नाही हा नेम तिला इथे मोडावा लागला.

पण पेटी नुसती खोलीत ठेवून भागत नाही, हे तिला त्या हिवाळ्यात फ्रेंच पुस्तकं वाचता वाचता कळलं. तिनं ते बायकांना करूनच दाखवलं.

"शादलिया, तुझ्या फोनवर काहीतरी लिही आणि पेटीत पाठव."

शादलियानं लिहिलं. नजीहानं आपला पडदा फिरवला. हवेतून जाताना पकडलेलं ते वाक्य तिथे जसंच्या तसं होतं: 'नजीहाचा चहा म्हणजे इंजिनाचं तेल.'

कोणी हसलं नाही. त्यांच्याही माना खांद्यांत गेल्या. नजीहानं ते पाहिलं आणि घाईनं पुढचं केलं. पेटीला कुलूप घातलं आणि शादलियाला तेच पुन्हा पाठवायला लावलं. आता पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा आला.

"हे माझ्या नवऱ्याचं अक्षर," शादलिया म्हणाली.

मग नजीहानं समजावलं. "असं समजा, मी प्रत्येकीला उघडं कुलूप देते. ते दाबून कोणीही बंद करू शकतं, उघडायची किल्ली मात्र एकटी पेटीजवळ. तुम्ही लिहिता, तुमचा फोन ते कुलूप घालून पाठवतो. मधे कोणाच्या हाती पडलं तरी त्याला ते उघडत नाही."

"पण कुलूप तुझंच कशावरून?" हे मन्नूबियानं विचारलं. ती कोपऱ्यात बसायची. सतरंज्या विणून तिची बोटं राठ झाली होती, आणि ती फार क्वचित बोलायची. "दुसऱ्या कोणी स्वतःचं कुलूप दिलं, म्हणाला हे नजीहाचंच, तर?"

नजीहाला तो प्रश्न इतका आवडला की तिनं तिला दुसरा पेला भरून दिला. "तेल काढायला घाण्यावर ऑलिव्हची पोती नेतो तेव्हा काय करतो आपण?"

"तोंड शिवतो. आपल्या घरच्या धाग्यानं."

"तुमचा कुठला?"

"पिवळा, दुहेरी."

"आणि तिथे पिवळ्या दुहेरी धाग्याशिवाय पोतं दिसलं तर?"

"हात लावत नाही. कोणाचं किडकं असेल, कोण जाणे."

"तेच. माझ्या कुलपावर माझा धागा आहे. तो धागा ओळखायला तुमच्या फोनला शिकवावं लागतं. मी एकेकीच्या फोनवर ते घालून देईन. मग धागा नसलेलं कुलूप समोर आलं, की फोन लाल होऊन अडून बसेल. पुढे जाऊच देणार नाही."

धागा वळायची मुख्य किल्ली तिनं पेटीत ठेवली नाही. ती एका पेनड्राइव्हवर घालून सुक्या पुदिन्याच्या डब्यात पुरली. एकेका बाईला समोर बसवून तिनं फोनांवर धागा घातला. पेनड्राइव्हला पुदिन्याचा वास यायचा आणि शादलिया म्हणायची, आता माझ्या फोनला जेवण पचेल.

मन्नूबियाचा फोन तेवढ्यात सुताच्या रंगाच्या टोपात पडला. स्फाक्सहून मुलीनं पाठवलेला दुसरा फोन घेऊन ती आली, त्या दिवशी खोलीत गर्दी होती, चहा उतू चालला होता आणि बाहेर एक मास्तर फोटोकॉपीसाठी काच वाजवत होता.

"हे लाल दाखवतंय," मन्नूबिया म्हणाली.

नजीहानं वाकून पाहिलं. पेटी तिचीच होती, खोली तिचीच होती. "ते काही नसतं गं. तुझ्या नव्या फोनला अजून धागा ओळखता येत नाही, एवढंच. खाली हे बारीक अक्षर आहे ना, तिथे अंगठा दाब. मग पुन्हा इथे. झालं, उघडली. धागा मी नंतर घालून देते."

मन्नूबियाला फ्रेंच वाचता येत नव्हतं. तिनं जागा लक्षात ठेवली: आधी खाली डावीकडे, मग त्याच्याही खाली. पुढच्या खेपेला तिनं न विचारताच तिथे अंगठा दाबला. पेटी उघडली. नजीहाला वाटलं, हिचं चाललं आहे. धागा राहिला तो राहिलाच.

मन्नूबियाचा वाजदी चैत्रासारख्या कोवळ्या उन्हाच्या दिवसांत गेला होता. समुद्र आरशासारखा होता, म्हणून तर गेला. उन्हाळा सरला तेव्हा नजीहानं सगळ्यांना सांगितलं, की मुलांच्या पायांत काय होतं ते आठवून लिहा. कापड टिकत नाही, पायातलं टिकतं. त्याच आठवड्यात एका कोळ्यानं फोटो पाठवला. आधीच पुरलेल्या, नुसता आकडा घातलेल्या एका कबरीतल्या माणसाच्या वस्तू होत्या त्या. एक चेनची कडी. एक बूट. बुटात निळा लोकरी मोजा, बायकी, घोट्याला पांढरी नक्षी असलेला.

दात काढायला नजीहा जर्बाला गेली होती, ती गालाला फडकं बांधून परतली आणि पेटी उघडून बसली. मन्नूबियानं आदल्या दिवशी लिहिलं होतं: 'डावी टाच लहानपणी भाकरीच्या तंदूरवर भाजली होती. बूट लागतो. म्हणून त्या पायात बहिणीचा लोकरीचा मोजा घालायचा. निळा.'

नजीहानं पडदा बंद केला. आईचं रक्त मेलेल्याशी जुळवून पाहणाऱ्या प्रयोगशाळेनं सांगितल्याशिवाय कोणत्याही आईला फोटो दाखवायचा नाही असं बायकांनीच ठरवलेलं होतं. ती मन्नूबियाला एवढंच म्हणाली, "मंगळवारी प्रयोगशाळेची गाडी येते आहे. रक्त घेतील. तू ये हं."

मन्नूबियानं तिच्याकडे बघितलं. "येते," म्हणाली.

मंगळवारच्या आधीच ती आली. हातात मकरूदांची ताटली होती, वर फडकं, आणि डोक्याचा रुमाल विस्कटलेला.

"तोंड उघड. गोड खा आधी."

"दात काढलाय गं माझा."

"दुसऱ्या बाजूनं खा." तिनं खजुराचं ते मकरूद नजीहाच्या तोंडात घातलंच. "वाजदी जिवंत आहे. लिबियात, कैदेत. फोन आला. मी म्हटलं, असले फोन शादलियाला कर, मला मूर्ख समजू नकोस. तर म्हणाला, मावशी, त्याची डावी टाच भाजलेली आहे, आणि त्या पायात बहिणीचा निळा मोजा आहे. बहिणीचा म्हणाला, नजीहा. हे कोण सांगणार?"

नजीहानं घास गालात सरकवला. "वाजदी बोलला तुझ्याशी?"

"घसा बसलाय म्हणे. ओलीत झोपतात तिथे."

"मंगळवारी गाडी—"

"मी कशाला रक्त देऊ आता? ते मेलेल्यांच्या आया देतात."

नजीहानं ताटली खाली ठेवली. "मोज्याचं तू कुठे बसून लिहिलंस?"

"तुझं दुकान बंद होतं ना. भट्टीच्या पायरीवर बसले. यास्मिन तिथेही येतं की, इथल्यापेक्षा जोरात येतं. लाल आलं, मी अंगठा दाबला, पेटी उघडली."

पावाची भट्टी दोन दुकानं सोडून होती. नजीहाच्या भिंती जुन्या दगडाच्या. तिचं वायफाय कधी फुटपाथपर्यंतही गेलं नव्हतं. ती तशीच उठली आणि भट्टीच्या पायरीवर जाऊन बसली. फोनवर यास्मिन ठळक दिसत होतं. तिनं पेटी उघडायला घेतली तर पान लाल झालं आणि अडून बसलं. पुढे जायला खाली काहीच नव्हतं. तिच्या फोनला धागा ओळखता येत होता, म्हणून मन्नूबियाच्या फोनवरची ती पळवाट इथे नव्हती.

मग तिला आठवलं, शादलियानं तक्रार केली होती. "तुझी पेटी म्हातारी झाली. भट्टीशी उघडली की रुसून बसते." आणि नजीहा म्हणाली होती, "मग भट्टीशी कशाला उघडतेस, आत येऊन बस."

भट्टीवाल्यानं हातावरचं पीठ झाडलं. "वरच्या खोलीत तो मोबाइलची कव्हरं विकणारा होता ना, त्यानं बसवून दिलंय. म्हणाला, गिऱ्हाइकांना फुकट इंटरनेट. मी म्हटलं बरं आहे, पाव घेताना लोक चार घटका थांबतील."

"आहे कुठे तो?"

"गेला. सामान न्यायला येतो म्हणालाय."

तो माणूस नजीहाला चांगला आठवत होता. फोटोकॉपीला यायचा, तिच्या चहाची तारीफ करायचा. चहाच्या फळीखाली भिंतीच्या फरशीवर तिनं बायकांसाठी वायफायचा पासवर्ड चिकटवून ठेवला होता, तो त्यानं चहा घेता घेता वाचला असणार. भट्टीचं कोठार मागून वळून नजीहाच्या मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत येत होतं. तिथे पिठाच्या पोत्यांमागे एक काळी डबी खटक्याला लावलेली होती, हाताला कोमट लागत होती. तिनं ती उपटली. मन्नूबिया लिहायची ते यास्मिनचं नाव लावलेली ही डबी आधी घ्यायची, आपलं कुलूप उघडून वाचायची, मग भिंतीला चिकटून आत खऱ्या पेटीकडे पाठवायची. मन्नूबियाला सगळं रोजच्यासारखंच दिसायचं. बाकी प्रत्येकीचा फोन तिथे अडला होता. पुढे गेला तो एकच, आणि त्याला पुढे जायला नजीहानंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मन्नूबियाच्या घरी गेली. मन्नूबिया मागासमोर बसली होती. नजीहानं काही लपवलं नाही. डबीचं सांगितलं, धाग्याचं सांगितलं, आणि शेवटी, बायकांनी ठरवलेलं मोडून, फोटोतल्या मोज्याचंही सांगितलं.

मन्नूबिया फणीनं सूत ठोकत राहिली. "तूच म्हणालीस ना, लाल काही नसतं?"

"मीच म्हणाले."

"आणि आता म्हणतेस, तेच सगळं होतं."

"हो."

"मग तुझं कुठलं खरं धरू?"

नजीहा म्हणाली, "माझं काहीच धरू नकोस. त्याचा फोन आला की त्याला असं काही विचार, जे तू कुठे लिहिलं नाहीस. पेटीतही नाही."

फणी थांबली. मन्नूबियानं मागावरचा एक सुटा धागा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळला. "काय विचारायचं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच विचारत नाही."

मंगळवारी गाडी आली. बायका रांगेनं बसल्या, बाह्या वर केल्या. मन्नूबिया आली नाही. गाडी गेल्यावर नजीहानं उरलेल्या सगळ्यांना झालेलं सांगितलं. शादलियानं कापसाचा बोळा दंडावर दाबून धरला होता.

"त्या सरकारी माणसाला कॉफी पाजलीस," ती म्हणाली, "आणि ह्याला चहा. तुला माणसं बरी सापडतात."

कोणी तिला गप्प केलं नाही. काही दिवस खोलीत कोणी आलं नाही. नजीहानं फरशीवरचा कागद खरवडून काढला, वायफायचा पासवर्ड बदलला, पेटीची कुलपं बदलली, नवे धागे वळले. ते सगळं करायला हवंच होतं. त्यानं झालेलं काही बदलत नव्हतं.

मन्नूबियाच्या हातातल्या बांगड्या त्या फोनवाल्यापायी गेल्याचं तिला बाजारात कळलं. मग मागही विकला म्हणे. मुलगी स्फाक्सहून येऊन भांडून गेली. आईला दुखवून आपण रक्त देणार नाही, असं मात्र तीही म्हणाली. कबरस्तानात तो आकडा ऊन खात राहिला. नजीहा दर शुक्रवारी वडिलांच्या कबरीकडे जायची, तेव्हा वाट वाकडी करून त्या कबरीशी थांबायची. मग घड्याळाला किल्ली देऊन परत यायची.

ऑलिव्ह उतरले. घाण्यावर पोत्यांच्या थप्प्या लागल्या, सगळ्या गावाला तेलाचा उग्र वास भरला. आपल्या झाडांची चार पोती घेऊन नजीहा गेली, तेव्हा मन्नूबिया भिंतीशी बसून पोत्याचं तोंड शिवत होती. पिवळा धागा, दुहेरी. मनगटं मोकळी होती.

"बस," तिनं डोकं वर न करता म्हटलं. "सुई धर जरा. डोळे गेले माझे."

नजीहानं सुई ओवून दिली.

"विचारलं मी त्याला," मन्नूबिया म्हणाली.

नजीहानं तिच्यासाठी पोत्याचं तोंड धरून ठेवलं.

"म्हटलं, वाजदीला विचार, तो मला काय हाक मारतो. गप्प झाला. मग म्हणाला, थांबा, विचारून येतो. तोवर मी फोन कानाशीच धरून होते." तिनं टाका ओढून घट्ट केला. "परत आला आणि म्हणाला, 'आई' म्हणतो."

पलीकडे घाण्याचा दगड फिरत होता. कोणीतरी पुढच्या पोत्यासाठी नाव पुकारलं.

"सासूबाई मला हाक मारायच्या तेच ऐकून बोलायला शिकला तो. मन्नू म्हणायचा मला. चांगला बाप्या झाला तरी, चार माणसांत, मन्नू. किती ओरडले असेन मी त्याच्यावर." तिनं धागा दातानं तोडला. "मग मीच ठेवला फोन. पुन्हा आला नाही."

तेल भरून झाल्यावर ती नजीहाच्या मागोमाग दुकानात आली. फोन पुढे केला. नजीहानं पुदिन्याचा डबा उघडला, धागा घातला, आणि फोन परत तिच्या हातात दिला. मन्नूबियानं पेटी उघडली. लाल आलं नाही. वाजदीचं पान एकदम समोर आलं. तिचा अंगठा मात्र सवयीनं खाली डावीकडे जाऊन थांबला होता. तो तिनं तिथेच राहू दिला.

"गाडी परत कधी येते?"

"ऑलिव्हचे दिवस संपले की. मंगळवारीच."

"चहा टाक," मन्नूबिया म्हणाली. "पुदिना घालून टाक. तुझा तो काळा नको."

नजीहानं शेगडी पेटवली. मन्नूबियानं फोन उपडा मांडीवर ठेवला, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडून पाहिली, आणि पुन्हा खाली ओढली.